मिरर लावला, पण सर्व्हरचं ट्रॅफिक दिसत नाही: कॉपी नेमकी कुठून घ्यायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एक मशीन शॉप. पस्तीस संगणक, ईआरपीचा (कारखान्याचे सगळे व्यवहार नोंदवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) एक सर्व्हर, २४ पोर्टचा साधा स्विच आणि त्याच्या वर मायक्रोटिकचा आरबी३०११ राऊटर. दिवसातून दोन-तीनदा ईआरपीची एंट्री अर्धा-एक मिनिट अडकते. सॉफ्टवेअरवाले म्हणतात नेटवर्क खराब, नेटवर्कवाले म्हणतात सॉफ्टवेअर खराब. म्हणून प्रश्नकर्त्यांनी राऊटरवर पोर्ट मिररिंग (एका पोर्टवरच्या ट्रॅफिकची कॉपी दुसऱ्या पोर्टवर काढणं) लावून वायरशार्कमध्ये, म्हणजे पॅकेट उघडून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, बघायचं ठरवलं. राऊटरच्या ईथर२ पोर्टची कॉपी ईथर८ पोर्टवर काढायला गेले, ती निघेना. ईथर५वर काढली तर निघाली, पण त्यात इंटरनेटचं ट्रॅफिक दिसतं आणि संगणक-सर्व्हरमधलं काहीच दिसत नाही. "सेटिंगमध्ये काय चुकलं?" असं त्यांनी विचारलंय.

सेटिंगमध्ये तुमचं काहीही चुकलेलं नाही. दोन्ही गोष्टींना कारण आहे आणि दोन्ही वेळा यंत्रानं बरोबर तेच केलंय जे त्याला शक्य होतं. चुकली आहे ती उभं राहण्याची जागा.

आधी ईथर८चं बघू, कारण ते लवकर संपतं. आरबी३०११च्या पेटीत स्विच चिप एक नाही, दोन आहेत. ईथर१ ते ईथर५ एका चिपवर, ईथर६ ते ईथर१० दुसऱ्या चिपवर. मिररिंगचं काम चिप स्वतः करते, राऊटरच्या प्रोसेसरला न विचारता. त्यामुळे ज्या पोर्टची कॉपी घ्यायची आणि ज्या पोर्टवर ती काढायची, ते दोन्ही एकाच चिपवर असावे लागतात. आरबी२०११चंही असंच आहे, तिथं तर दुसरी चिप १०० एमबीपीएसची आहे. बाहेरून दहा पोर्ट एका ओळीत दिसतात म्हणून आपण त्यांना एकच समजतो. कुठलाही राऊटर हातात घेतला की मी आधी कंपनीनं दिलेला त्याचा ब्लॉक डायग्राम बघतो: कुठला पोर्ट कुठल्या चिपला आणि चिप प्रोसेसरला किती रुंद रस्त्यानं जोडलीय. हे दहा मिनिटांचं वाचन आहे, पण ते न केल्यामुळे अख्खी संध्याकाळ गेलेली मी बघितली आहे.

आता मुख्य दुखणं. तुमचे पस्तीस संगणक आणि सर्व्हर सगळे त्या २४ पोर्टच्या स्विचवर आणि त्याच्या खाली जोडलेल्या छोट्या स्विचवर आहेत. स्विचपासून राऊटरच्या ईथर२ला एकच केबल येते. स्टोअरमधल्या संगणकानं सर्व्हरला पॅकेट पाठवलं की स्विच ते सरळ सर्व्हरच्या पोर्टवर देतो. राऊटरकडे ते कधी येतच नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर, तावडे हॉटेलपाशी उभं राहिलं तर हायवेवरून शहरात येणारी-जाणारी गाडी दिसते. शहरातल्या शहरात गंगावेशीतून रंकाळ्याला गेलेली गाडी तिथं कशी दिसेल? तुमचा मिरर तावडे हॉटेलपाशी उभा आहे आणि तुम्हाला शोधायचीय गंगावेशीतली कोंडी.

याची खात्री तुम्ही आत्ताच्या कॅप्चरमध्येच करू शकता. वायरशार्कच्या फिल्टरमध्ये एआरपी टाका. "अमुक आयपी कुणाचा? मला सांगा" अशा हाका दिसतील. समजा सर्व्हरचा आयपी १९२.१६८.१.१० आहे, तर त्याच्या नावानं संगणकांनी मारलेल्या हाकाही दिसतील. पण त्या हाकेला सर्व्हरनं दिलेलं उत्तर दिसणार नाही. हाक ब्रॉडकास्ट असते, ती स्विच सगळीकडे पसरवतो, म्हणून ती तुमच्या ईथर२पर्यंत येते. उत्तर मात्र ज्यानं विचारलं त्याच्याच पोर्टवर जातं. हाका ऐकू येतात आणि उत्तरं ऐकू येत नाहीत, असं दिसलं की समजायचं आपण चुकीच्या ठिकाणी कान लावलाय.

याच कारणानं राऊटरमधलं पॅकेट स्निफर हे साधनही इथं उपयोगाचं नाही. त्याला फक्त प्रोसेसरपर्यंत आलेलं पॅकेट दिसतं. उद्या तुम्ही सर्व्हर उचलून ईथर३ला लावला आणि स्विच ईथर२लाच ठेवला, दोन्ही एकाच ब्रिजमध्ये (राऊटरनं एकत्र जोडलेल्या पोर्टांच्या गटात) आणि हार्डवेअर ऑफलोड (पॅकेट पुढे देण्याचं काम चिपवरच सोपवणं) चालू, तरी स्निफरला काही दिसणार नाही. कारण तेव्हाही पॅकेट चिपमधल्या चिपमध्येच पलटतं. ऑफलोड बंद केलं तर दिसेल, पण मग सगळा भार प्रोसेसरवर येईल आणि ज्या संथपणाचा शोध घ्यायचाय त्यात आपणच भर घालू. तसं करू नका.

म्हणून मी कुठल्याही गिऱ्हाइकाकडे गेलो की मिररचं नावही काढत नाही. आधी विचारतो, तुम्हाला नेमकं काय जाणून घ्यायचंय? कारण जागा त्यावर ठरते, आणि कधी कधी मिररची गरजच नाही असंही निघतं.

"नेट लई स्लो चाललंय, कोण खातंय बघा की जरा," हे वाक्य मी शाहूपुरीपासून कागलपर्यंत शेकडो वेळा ऐकलंय. त्या प्रश्नाला पॅकेटची कॉपी लागत नाही. कुणी, कुणाशी, किती बाइट, किती वेळ, एवढा हिशोब पुरतो आणि तो राऊटर स्वतः देऊ शकतो. सिस्कोनं त्याला नेटफ्लो म्हटलं, पुढे त्यावरून आयपीफिक्स हे सर्वमान्य प्रमाण झालं, मायक्रोटिकमध्ये तो ट्रॅफिक फ्लो नावानं आहे. एखाद्या जुन्या संगणकावर हा हिशोब गोळा करणारं सॉफ्टवेअर बसवायचं आणि राऊटरला सांगायचं की हिशोब इकडं पाठव. टेलिफोनच्या बिलासारखं आहे हे: कुणाला किती वेळ फोन केला ते कळतं, काय बोलले ते नाही. दहापैकी सात ठिकाणी माझं काम इथंच संपतं.

मिरर लागतो तो पुढच्या प्रश्नांना. संभाषणात कोण कुणासाठी थांबलंय? पॅकेट हरवतंय का आणि कुठल्या बाजूला? आयपी फोनवर आवाज का तुटतो? सुरिकाटासारखी घुसखोरी ओळखणारी यंत्रणा बसवायचीय का? तुमचा प्रश्न यातला पहिला आहे, म्हणून मिरर हवा हे तुमचं बरोबर आहे. फक्त तो राऊटरवर नको, सर्व्हरच्या तोंडाशी हवा.

तुमच्याकडचा २४ पोर्टचा स्विच साधा आहे, त्याला मिररिंग येत नाही. तो बदलायची गरज नाही. पाच पोर्टचा गिगाबिट स्मार्ट स्विच घ्या, ज्यात मिररिंगची सोय आहे. टीपी-लिंकचा टीएल-एसजी१०५ई किंवा त्याच्या जातीचा कुठलाही चालतो. लक्ष्मीपुरीत नाही मिळाला तर मागवून घ्या. हाच स्विच माझ्या बॅगेत कायम असतो. सर्व्हरची केबल मोठ्या स्विचमधून काढून छोट्याच्या पहिल्या पोर्टला, दुसऱ्या पोर्टमधून पॅच कॉर्ड मोठ्या स्विचला, पाचव्याला लॅपटॉप. सेटिंगमध्ये पहिल्या पोर्टचं येणारं आणि जाणारं दोन्ही ट्रॅफिक पाचव्यावर मिरर करा. केबल काढताना सर्व्हरची सगळी कनेक्शनं तुटतील, तेव्हा ते जेवणाच्या सुट्टीत किंवा शिफ्ट बदलताना करा आणि आधी सगळ्यांना ईआरपीतून बाहेर पडायला सांगा. अर्धी एंट्री हवेत राहिली की नवाच गोंधळ उभा राहतो.

पहिला आणि दुसरा असे दोन्ही पोर्ट मिरर करायचा मोह होतो, "जास्त दिसेल" म्हणून. तसं केलं की प्रत्येक पॅकेट दोनदा येतं, आत येताना एकदा आणि बाहेर जाताना एकदा. वायरशार्क त्या दुसऱ्या कॉपीला रिट्रान्समिशन (हरवलं म्हणून पुन्हा पाठवलेलं पॅकेट) समजतो आणि पडदा काळ्या-लाल ओळींनी भरून जातो. मग माणूस सगळ्या केबली बदलत सुटतो. खरं रिट्रान्समिशन आणि कॉपीची कॉपी यांतला फरक असा ओळखायचा: दोन्ही पॅकेटांचा आयपी आयडी (पॅकेटवरचा ओळखक्रमांक) एकच असेल आणि मधलं अंतर काही मायक्रोसेकंदांचं असेल, तर ती आपणच तयार केलेली जुळी आहेत. वायरशार्कसोबत येणारं एडिटकॅप अशी जुळी काढून टाकतं, पण मुळात होऊच दिली नाहीत तर बरं.

दुसरी मर्यादा क्षमतेची. गिगाबिटचा पोर्ट एकाच वेळी येताना १ जीबीपीएस आणि जाताना १ जीबीपीएस नेऊ शकतो. दोन्ही बाजूंची बेरीज २ जीबीपीएसपर्यंत जाते आणि मिररच्या पोर्टमधून बाहेर पडायला वाट १ जीबीपीएसचीच. जास्तीचं पॅकेट स्विच टाकून देतो आणि कुणाला सांगतही नाही. मूळ ट्रॅफिकला त्यानं धक्का लागत नाही, पण आपली कॉपी अपुरी राहते. पस्तीस संगणकांच्या ईआरपीत सरासरी भार इतका नसतो, पण एखाद्या मोठ्या रिपोर्टच्या क्षणी झटका बसू शकतो. तेव्हा वायरशार्क एक खूण देतो: "अ‍ॅक्ड अनसीन सेगमेंट". म्हणजे समोरच्यानं एका पॅकेटची पोचपावती दिलीय, पण ते पॅकेट आपल्या कॅप्चरमध्ये नाही. पोचपावती आहे म्हणजे पॅकेट पोचलं. हरवलं ते आपल्या कॉपीत. ही ओळ ढिगानं दिसली तर नेटवर्कबद्दल कुठलाही निष्कर्ष काढू नका, आधी कॉपी नीट करा.

लॅपटॉपही निमित्त होऊ शकतो. आजकालच्या लॅपटॉपला लॅनचा पोर्टच नसतो, मग यूएसबीचं अडॅप्टर लावतात. ते यूएसबी ३चं गिगाबिट असावं. जुनं यूएसबी २चं असेल तर पॅकेट तिथंच गळतात. कॅप्चर करणाऱ्या कार्डावरचं आयपीव्ही४, आयपीव्ही६ दोन्ही बंद करा, म्हणजे लॅपटॉप स्वतःची बडबड वायरवर टाकणार नाही. त्याला इंटरनेट हवं असेल तर वायफायनं द्या. आणि पॅकेट १५१४ बाइटांपेक्षा, म्हणजे नेहमीच्या कमाल आकारापेक्षा, मोठी दिसायला लागली तर घाबरू नका. कार्ड किंवा ऑपरेटिंग सिस्टिम छोटी पॅकेट जोडून वर देतंय, ते ऑफलोड बंद केलं की खरा आकार दिसतो.

इथवरचं एकत्र धरायचं तर: राऊटरवरचा मिरर काढून टाका, सर्व्हरच्या तोंडाशी छोटा स्मार्ट स्विच बसवा, एकाच पोर्टची कॉपी घ्या, कॉपी पूर्ण येतेय याची खात्री करा. आता पकडायचं कसं ते.

एंट्री कधी अडकेल सांगता येत नाही, म्हणजे कॅप्चर दिवसभर चालू हवं. वायरशार्कची खिडकी दिवसभर उघडी ठेवली तर ती मेमरी खात जाते आणि नेमकी दुपारी बंद पडते. त्याच्यासोबतच येणारा डंपकॅप वापरा, तो फक्त फाईल लिहितो. १०० एमबीच्या फायली, अशा पन्नास, पन्नास भरल्या की सर्वांत जुनी पुसून पुन्हा सुरुवात. म्हणजे डिस्कवर ५ जीबीच्या वर काही जात नाही. हिशोब करून बघा: सरासरी १०० एमबीपीएस ट्रॅफिक पूर्ण साठवलं तर तासाला ४५ जीबी होतात. म्हणून प्रत्येक पॅकेटचे पहिले १२८ बाइटच ठेवा. इथरनेटचं हेडर १४, आयपीचं सहसा २०, टीसीपीचं (पोचपावती घेत डेटा पोचवणाऱ्या पद्धतीचं) जास्तीत जास्त ६०. सगळं धरून शंभराच्या आत बसतं. आपल्याला पाकिटावरचा पत्ता आणि शिक्का हवाय, आतलं पत्र नको. यात एक मोठा फायदा आहे, त्याकडे शेवटी येतो.

आता अडकण्याचा क्षण कसा सापडायचा? "अकराच्या सुमारास अडकलं बघा," असं सांगितलं जातं. अकराच्या सुमारास लाखो पॅकेट असतात. यासाठी मी एक साधी युक्ती वापरतो. ज्या दोन-तीन संगणकांवर जास्त अडकतं, त्यांच्या डेस्कटॉपवर "अडकलं" नावाचा एक शॉर्टकट ठेवतो. तो दाबला की सर्व्हरला ७७७ बाइटांचा पिंग ("आहेस का?" असं विचारणारं पॅकेट) जातो. ऑपरेटरला एवढंच सांगायचं: एंट्री अडकली की हे दाबा. ७७७ बाइटांवर पिंगचे ८, आयपीचे २० आणि इथरनेटचे १४ चढले की वायरवर ८१९ बाइटांची फ्रेम होते. कॅप्चरमध्ये पिंगचं पॅकेट आणि लांबी ८१९ असा फिल्टर लावला की नेमका तो क्षण हातात येतो. १२८ बाइटच साठवले तरी मूळ लांबी नोंदलेली असते, त्यामुळे ही खूण हरवत नाही. शिवाय त्या पिंगला किती वेळात उत्तर आलं तेही तिथंच दिसतं. एंट्री अडकलेली असताना पिंग एका मिलिसेकंदात परत येत असेल तर केबल आणि स्विचवरचा संशय तिथंच बराचसा निवळतो.

त्या खुणेच्या आगेमागच्या एक-दोन मिनिटांतलं त्या संगणकाचं आणि सर्व्हरचं संभाषण उघडा आणि एकच गोष्ट बघा. संगणकानं विनंती पाठवली. सर्व्हरकडून दोन गोष्टी परत येतात: एक नुसती पोचपावती, म्हणजे "मिळालं", आणि नंतर खरं उत्तर. या दोन्हींचे वेळ वेगवेगळे मोजा. पोचपावती लगेच आली, फार तर पाव सेकंदाच्या आत, आणि उत्तर चाळीस सेकंदांनी आलं, तर नेटवर्कनं त्याचं काम केलंय. सर्व्हरवरचं सॉफ्टवेअर, डेटाबेस किंवा डिस्क विचार करत बसलीय. पोचपावतीच आली नाही आणि संगणक तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवतोय, तर वाटेत कुठंतरी गळती आहे. विनंतीच सर्व्हरच्या तोंडाशी उशिरा आली, तर संगणकाकडे बघा. सॉफ्टवेअरवाले आणि नेटवर्कवाले यांच्यातलं भांडण या तीन वेळांवर मिटतं. दोघांना एकाच पडद्यासमोर बसवून दाखवायचं.

याच धर्तीचं एक काम मला फार शिकवून गेलं. गोकुळ शिरगावच्या एका फौंड्रीत रोज सकाळी सव्वाअकराच्या आसपास डिस्पॅचच्या एंट्र्या अडकायच्या. गेटवर मालानं भरलेला ट्रक उभा, ड्रायव्हर खाली उतरून चहा पितोय आणि चलन निघत नाही. डिस्पॅचचा मुलगा वैतागून म्हणाला, "साहेब, रोजचंच झालंय, ह्या वेळेला हमखास बंद पडालंय." त्याआधी त्यांनी स्विच बदलला होता, सगळी केबल नव्यानं ओढली होती. खर्च झाला, अडकणं तसंच.

सर्व्हरच्या तोंडाशी मिरर लावला आणि दुसऱ्याच दिवशी सापडलं. टीसीपीच्या प्रत्येक पॅकेटमध्ये पाठवणारा सांगत असतो की "माझ्याकडे अजून इतक्या बाइटांची जागा आहे". त्याला विंडो म्हणतात. ११ वाजून १५ मिनिटांपर्यंत सर्व्हरची विंडो भरपूर होती. मग ती उतरत गेली आणि शून्य झाली. वायरशार्कनं ठळक अक्षरात दाखवलं, "झिरो विंडो". म्हणजे सर्व्हर म्हणतोय, हातात जागा नाही, थांबा. डिस्पॅचचा संगणक शिस्तीनं थांबला आणि थोड्या थोड्या वेळानं एक चिमुकलं पॅकेट पाठवून विचारत राहिला, "झाली का जागा?" उत्तर, शून्य. पुन्हा, शून्य. अडतीस सेकंद. मग विंडो उघडली आणि एंट्री पुढं सरकली. एकही पॅकेट हरवलं नव्हतं. नवी केबल, नवा स्विच, सगळं निर्दोष.

सर्व्हरवर जाऊन शेड्यूल बघितलं. रात्री सव्वाअकराला चालायचा बॅकअप सकाळी सव्वाअकराला लावला गेला होता, एएम-पीएमची गफलत. बॅकअप आणि डेटाबेस एकाच डिस्कवर, त्यामुळे डिस्क गुंतली की डेटाबेस अडकायचा, तो आलेलं वाचेना, विंडो बंद. एक सेटिंग बदललं आणि दुसऱ्या दिवशी ट्रक वेळेवर गेटबाहेर पडला. तुमच्याकडेही हेच असेल असं मी म्हणत नाही. तुमचं अडकणं ठरावीक वेळेला होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि त्यावर बरंच अवलंबून आहे. पण तपासायची रीत हीच.

विंडो वाचताना एक काळजी. हेडरमध्ये विंडोचा आकडा ६५,५३५च्या वर बसत नाही, म्हणून खरी विंडो किती पट धरायची हे कनेक्शन सुरू होतानाच दोघं एकमेकांना सांगतात. कॅप्चर मधूनच सुरू केलं तर वायरशार्कला ती पट माहीत नसते आणि आकडे उगाच लहान दिसतात. सकाळी ऑफिस उघडायच्या आधी, कुणी ईआरपीत शिरायच्या आत कॅप्चर सुरू करा. शून्य मात्र कितीही पटीनं शून्यच, ते केव्हाही खरं मानायचं. आणि सर्व्हर, राऊटर, लॅपटॉप तिघांचं घड्याळ एनटीपीनं (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या पद्धतीनं) जुळवून घ्या, नाहीतर सर्व्हरच्या लॉगमधली सव्वाअकराची घटना कॅप्चरमध्ये वेगळ्या वेळेला का दिसते, यावरच वाद सुरू होतो.

मोठ्या ठिकाणी, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत वगैरे, सिस्कोचे स्विच असतात. तिथं याच गोष्टीला स्पॅन म्हणतात. एका स्विचवरची कॉपी दुसऱ्या स्विचवर न्यायची तर वेगळी व्हीलॅन (स्विचमधलं वेगळं आभासी नेटवर्क) देऊन आरस्पॅन, आणि राऊटरच्या पलीकडे न्यायची तर जीआरईमध्ये, म्हणजे दुसऱ्या पॅकेटच्या पोटात, गुंडाळून ईआरस्पॅन. तत्त्व तेच, जागेचा प्रश्नही तोच.

मायक्रोटिकचा राऊटर दूर असेल आणि इंटरनेटच्या बाजूचंच ट्रॅफिक बघायचं असेल, तर टीझेडएसपीनं (पकडलेली पॅकेट नेटवर्कवरून पाठवण्याच्या पद्धतीनं) कॉपी आपल्या संगणकावर पाठवता येते, यूडीपी पोर्ट ३७००८वर. पावसाळ्यात पंचगंगेला पाणी चढून रस्ते बंद होतात तेव्हा मी अशीच कामं उरकतो. फिल्टर अगदी अरुंद ठेवायचा, एखाद-दुसऱ्या आयपीपुरता, आणि पाठवलेल्या कॉपीचीच पुन्हा कॉपी होणार नाही हे आधी बघायचं. ही कॉपी उघडी जाते, म्हणून व्हीपीएनमधूनच.

राऊटरच्या मिररबद्दल अजून एक, कारण आत्ता काढलात तरी पुढे कधी इंटरनेटसाठी तुम्ही तो वापरालच. कॉपी ईथर२ची घ्या, ईथर१ची नको. ईथर१वर पॅकेट पोचतं तोवर नॅट झालेलं असतं आणि पस्तीसही संगणक एकाच आयपीनं बोलताना दिसतात. ईथर२वर प्रत्येकाचा खरा आयपी असतो. तिथंही बहुतेक ट्रॅफिक एन्क्रिप्टेड असणार. कुठल्या साइटशी बोलणं चाललंय एवढं बऱ्याचदा कळतं, आतला मजकूर कळत नाही, आणि कळायची गरजही नाही.

आता तो १२८ बाइटांचा फायदा. मिरर लावला की तुमच्या हातात सगळ्या कामगारांचं बोलणं येतं. आतल्या नेटवर्कवर अजूनही कितीतरी जुनी सॉफ्टवेअर पासवर्ड उघडा पाठवतात. १२८ बाइटांत लांबलचक मजकूर मावत नाही, पण पासवर्डसारखा छोटा तुकडा तेवढ्यातही येऊ शकतो. म्हणून हेडरपुरतं, शंभराच्या आसपास कापलं तर आणखी चांगलं. सुरू करण्याआधी मालकाची लेखी परवानगी घ्या, त्यात कारण, दिवस आणि फायली कधी पुसणार हे लिहा, आणि ऑफिसात सगळ्यांना सांगा की अमुक दिवस तपासणी चालू आहे. २००० सालचा माहिती तंत्रज्ञान कायदा विनापरवानगी डेटा कॉपी करण्याला दोष मानतो आणि २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं जबाबदारी आणखी वाढवली आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाला न सांगता त्याचं बोलणं साठवणं मला पटत नाही, आणि अशी मागणी आली की मी काम घेत नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या आदेशानुसार १८० दिवस लॉग ठेवायचे असतात, ते राऊटर-सर्व्हरचे लॉग. त्याचा अर्थ पॅकेटच्या फायली सहा महिने सांभाळायच्या असा कुणी काढू नये.

काम झालं की मिरर काढा. एका ठिकाणी माझ्याकडून तो तसाच राहिला. महिन्याभरानं कुणीतरी रिकामा पोर्ट बघून तिथं हजेरीचं मशीन लावलं. त्या स्विचवर मिररचा पोर्ट आत येणारं काही घेत नव्हता, त्यामुळे मशीन दिवसभर बंद आणि संध्याकाळी गेटवर हजेरीसाठी रांग. तेव्हापासून मिरर लावला की त्या पोर्टवर पांढरी चिकटपट्टी लावतो, तीवर "मिरर, काही लावू नये" आणि तारीख. पट्टी निघाल्याशिवाय मी रॅकचं दार बंद करत नाही.

तुम्ही सर्व्हरच्या तोंडाशी कॅप्चर घेतलं की पोचपावती किती वेळात आली, उत्तर किती वेळात आलं आणि झिरो विंडो दिसली का, एवढे तीन आकडे इथं लिहा. फाईल मात्र टाकू नका.